त्याच पानावर पुन्हा

त्या उन्हाळ्यात माझा फोन दिवसातून शंभरेक वेळा मला एकच गोष्ट ऐकवायचा: आहात तिथंच पुन्हा जायला सांगितलंय, जाणार नाही. सांगणारी मी नसायचेच. कुणीतरी कुठंतरी स्वतःच्या फोनवर एक बटण दाबायचं, माझ्या राउटरला ते पटायचं नाही, आणि तो त्याची चुगली माझ्याकडे करायचा. भाजीला फोडणी देताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, गाडी लावताना, टुंग. आहात तिथंच. टुंग. आहात तिथंच.

हा राउटर म्हणजे घरातला वायफायचा डबा नव्हे. हल्लीच्या बऱ्याच वेबसाइट एकदाच उघडतात आणि पुढे आतल्या आत पानं बदलत राहतात. कुठलं बटण दाबल्यावर कुठलं पान दाखवायचं हे ठरवणारा कोडचा जो भाग असतो, तो राउटर. त्याची एक खोड आहे. माणूस ज्या पानावर आहे त्याच पानाचं बटण त्याने परत दाबलं, तर राउटर जागचा हलत नाही. वर एरर फेकतो. तो चुकीचं काही बोलत नाही, पण शेजारी बसलेल्याला पत्ता विचारल्यावर ‘इथंच की’ म्हणून तोंड फिरवणाऱ्या माणसासारखा मला त्याचा राग यायचा.

साइट मी स्वतःहून बनवली होती. कुणी मागितली नव्हती. माझी आम्मा शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर होती. आमच्या घरापासून गाडीवर दहा मिनिटांवर एका ट्रस्टचं लहानसं डायलिसिस सेंटर आहे, तिथं. सहा मशीन, दिवसाला तीन पाळ्या, आणि बाहेर एक अरुंद बोळ. त्या बोळाला वारा माहीत नाही. वर पत्रा, बाजूला जिन्याची भिंत, आणि एप्रिलमधलं सोलापूर. मशीनला शुद्ध पाणी पुरवणारा प्लँट रुसला, कुणाला मध्येच थंडी वाजून आली, की पाळ्या पुढं सरकायच्या आणि बोळातली माणसं तिथंच भाजत बसायची. मीही बसले आहे. दर दहा मिनिटांनी उठून दाराशी जायचं, सिस्टरला विचारायचं, ती म्हणायची, “आत्ता तर सांगितलं बाळा.” आम्माचं डोकं माझ्या खांद्यावर, घामाने भिजलेलं. त्या बोळाचा मला राग आहे. आम्मा गेल्यावरही तो राग गेला नाही, म्हणून मी साइट बनवली.

बोळात माणसं रांगेत उभी राहायची नाहीत. पिशव्या राहायच्या. पहाटेच्या एसटीने येणारा पेशंट दाराशी आपली पिशवी टेकवायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. पुढं येणारा आपली पिशवी तिच्या मागं. आत चादर, वाटी, बिस्किटं, जुन्या रिपोर्टांची फाइल. सिस्टर मोहोळहून रोज ये-जा करणारी, पंचवीस वर्षं हेच काम केलेली. ती रजिस्टर नंतर बघायची, आधी पिशव्या बघायची. जांभळी आली म्हणजे अमुक आले. गोणीची पुढं आहे म्हणजे तमुक चिडणार. आणि पिशवी असली की माणूस हाकेच्या टप्प्यात असायचाच, कारण पिशवी सोडून कोण लांब जाईल?

मला हे सगळं मागास वाटायचं. साइटवर प्रत्येक पेशंटला एक नंबर दिला. नंबर टाकला की ‘माझी पाळी’ नावाचं पान उघडायचं, त्यावर मोठ्या आकड्यात वेळ. सिस्टर आत तिच्या टॅबवर वेळ बदलणार, लोक बाहेर कुठंही सावलीत बसून फोनवर बघणार. पहिला आठवडा मी स्वतः बोळात उभी राहून प्रत्येकाला शिकवलं, आणि बजावलंही. सारखं दाराशी येऊन सिस्टरला विचारायचं नाही. काय विचारायचं ते फोनला विचारायचं. पिशव्यांची रांग दोन आठवड्यांत मोडली. बोळ मोकळा झाला. ट्रस्टच्या डॉक्टरांनी माझं कौतुक केलं आणि मी घरी येऊन आम्माच्या फोटोसमोर थोडी रडले. फुशारकी होती त्यात, आता कळतं.

सुरुवातीला वेळ दर मिनिटाला आपोआप ताजी व्हायची. पण लोकांचे फोन जुने. दुपारपर्यंत चार्जिंग संपायला लागलं, तक्रारी आल्या, म्हणून मी ती सोय काढली. पान उघडताना ताज्या वेळेची एकदा विचारणा होणार, बस. मला ते पुरेसं वाटलं. आणि तेव्हापासूनच ते टुंग टुंग सुरू झालं. लोक ‘माझी पाळी’च्या पानावर बसून ‘माझी पाळी’चंच बटण दाबत होते. एकदा नाही, सारखं. मला हसू यायचं, मग कंटाळा यायला लागला, मग चीड. आहे ना समोर वेळ? वाचता येत नाही का?

पुण्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याला मी हे सांगितलं. मी काम सोलापुरातून करते, त्याची आणि माझी रोज व्हिडिओवर गाठ. तो म्हणाला, “ती एरर सगळेच गिळून टाकतात. दोन ओळी लिही आणि सोड.” मी लिहिल्या. त्यांचा अर्थ इतकाच की राउटर जी काही तक्रार करेल ती ऐकून घ्यायची आणि काहीच करायचं नाही. फोन गप्प झाला. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी निवांत जेवले.

पुढच्याच सोमवारची गोष्ट.

दुपारी बारा वीसला सिस्टरचा फोन आला. सकाळी पाण्याचा प्लँट बिघडला होता, तेव्हा तिने दुसऱ्या पाळीच्या लोकांना अडीचची वेळ टाकली होती. पण प्लँट लवकर दुरुस्त झाला, पहिल्या पाळीतले दोघं कंटाळून घरी निघून गेले होते, त्यामुळे मशीन मोकळं झालं. साडेअकराला तिने मंद्रूपहून एसटीने येणाऱ्या काकांची वेळ बदलून बारा केली.

“बारा वाजल्यापासून हाका मारतेय,” ती म्हणाली. “मशीन लावून ठेवलंय, माणूस नाही. रजिस्टरला त्यांच्या मुलाचा नंबर आहे, तो उचलत नाही. तुझ्यात काही दिसतंय का बघ.”

मी लॅपटॉपवर बघितलं. काकांच्या नंबरावरून शेवटची विचारणा दहा पन्नासला झाली होती. त्यानंतर काहीच नाही.

“सिस्टर, दहा पन्नासनंतर त्यांनी बघितलंच नाही. फोन बंद करून घरी गेले असणार.”

“थांबू का अजून दहा मिनिटं? गुरुवारनंतर आज आलेत ते. चार दिवस झाले.”

“थांबून काय करणार? बघतच नाहीत ते.”

हे मी ऑफिसात बोलते त्या आवाजात बोलले. ठाम, स्पष्ट, जरा वैतागून. तो आवाज मला अजून ऐकू येतो. सिस्टरने माझ्या शब्दावर मशीन पुढच्या पेशंटला दिलं. एकदा माणूस लागला की चार तास तो सुटत नाही.

बारा पन्नासला तिचा पुन्हा फोन. आता तिचा आवाज वेगळा होता. काकांच्या मुलाचा फोन आला होता. तो चाकणला कारखान्यात, शिफ्टमध्ये फोन लॉकरला. आई-वडील घरी गेलेले नाहीत, जाणारच नाहीत, असं तो म्हणत होता. सकाळी निघतानाच वडिलांना धाप लागत होती, उताणं झोपता येत नव्हतं, रात्रभर बसून काढली होती. आईचा फोन लागत नव्हता, कारण तिच्या फोनला फक्त नेटचं रिचार्ज शिल्लक होतं की काय कोण जाणे.

उताणं झोपता येत नाही याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. आम्माचं तेच व्हायचं. पाणी छातीत चढतं. ते मशीनशिवाय उतरत नाही.

मी लॅपटॉप तसाच बॅगेत कोंबला आणि गाडी काढली. डोक्यात सारखं एकच, दहा पन्नासनंतर बघितलं कसं नाही? ज्या बाईला मी स्वतः शिकवलं होतं, जी बटण दाबताना अंगठा आधी पदराला पुसायची, ती दोन तास फोनकडे बघणार नाही?

सेंटरसमोरच्या लिंबाखाली दोन माणसं होती, ती दुसरीच. कँटीनमध्ये नव्हते. रसवंतीवर नव्हते, आणि रस त्यांना वर्ज्यच. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर नव्हते. एसटीच्या थांब्यापर्यंत जाऊन आले, तिथं सावलीच नाही. ऊन असं होतं की गाडीच्या सीटला हात लावता येत नव्हता. एका ओळखीच्या रिक्षावाल्याला विचारलं, त्याने मान हलवली. पाऊण तासापूर्वी मशीन मोकळं होतं आणि मी म्हणाले होते, थांबून काय करणार. मला तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं.

सेंटरचा वॉचमन गेटावर खुर्ची टाकून बसला होता. तो म्हणाला, “लग्नात बघितलं का?”

“कुठल्या लग्नात?”

“त्या मागच्या कार्यालयात. तिथं कूलर हायत की मॅडम. लग्न असलं की आपले पेशंट तितंच बसतात. ह्यांना वाटतंय त्यांचे पाव्हणे, त्यांना वाटतंय ह्यांचे.”

मला हे माहीत नव्हतं. दोन वर्षं त्या बोळात काढलेली मी, आणि माझ्या साइटने मोकळे केलेले लोक जातात कुठं हे मी कधी विचारलं नव्हतं.

कार्यालयात मंगलाष्टकं चालू होती. स्पीकर फुटतील असा आवाज. सगळे उभे, हातात अक्षता, नजर स्टेजकडे. मी घरातला चुरगळलेला कुडता घालून, घामाने निथळत, खुर्च्यांच्या ओळींतून वाट काढत होते. एका बाईने मला अक्षता दिल्या, मी त्या मुठीत धरून पुढं गेले. वधूपक्ष, वरपक्ष, फेट्यांची गर्दी, व्हिडिओवाल्याचा दिवा. शेवटची आरोळी झाली, बँड एकदम वाजला, अक्षता उडाल्या, लोक जेवणाकडे वळायला लागले, आणि मोकळ्या झालेल्या शेवटच्या ओळीत, मोठ्या कूलरच्या अगदी तोंडाशी, ते दिसले.

काका पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. खांदे प्रत्येक श्वासाला वर जात होते. त्यांच्या पांढऱ्या केसांत तांदूळ अडकले होते. शेजारी मावशी, त्यांची बायको. पायांशी खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. मावशी फोन डोळ्यांजवळ धरून अंगठ्याने बटण दाबत होत्या. बघायच्या, थोडं थांबायच्या, दाबायच्या.

“मावशी, तुम्हाला किती वेळ शोधतेय. तुमची पाळी बाराला होती.”

त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. “अडीच हाय की ताई. बगा. सकाळधरनं अडीचच म्हनतंय.”

स्क्रीनवर अडीच होतं. मी स्वतः बटण दाबलं. ‘माझी पाळी’. काही झालं नाही. परत दाबलं. काही नाही. पान जागचं हललं नाही, आणि राउटर आत कुठंतरी ओरडला असणार, आणि मी लिहिलेल्या दोन ओळींनी त्याच्या तोंडावर हात ठेवला असणार. माझ्या बॅगेतला फोन गप्प होता. तो गप्प असावा म्हणून मीच तर झटले होते.

दहा पन्नासनंतर त्यांनी बघितलं नाही म्हणे. दहा पन्नासनंतर त्यांनी बघणं थांबवलंच नव्हतं. फक्त पान नव्याने उघडत नव्हतं, म्हणून विचारणा पुढं जात नव्हती, आणि तक्रार माझ्यापर्यंत येत नव्हती. ती आली असती, तर तिच्यात पानाच्या पत्त्यासकट काकांचा नंबर असता. बारा वीसला मी सिस्टरला सांगितलं असतं, थांबा, ही बाई आत्ता या क्षणी बटण दाबतेय.

“मावशी, इतका वेळ एकच दिसतंय तर दाराशी येऊन विचारायचं ना सिस्टरला,” मी म्हणाले. अजूनही माझ्या आवाजात वैताग होता, हे कबूल करायला हवं. भीती वाटली की मी वैतागते.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. खरंच कोड्यात पडल्यासारख्या.

“तुमीच म्हनला हुता की. दारात येऊन सारकं इचारू नका, फोनला इचारा. म्हनून फोनला इचारत हुते.”

मी काकांच्या काखेत हात घातला.

काकांना चालवत नव्हतं. उभं केलं की डोळे फिरायचे. नवरदेवाकडच्या दोन तरुणांना वाटलं पाहुण्यांपैकी कुणाला ऊन लागलं. त्यांनी विचारलं नाही, काका कुणाचे. लाल प्लास्टिकच्या खुर्चीसकट त्यांना उचललं आणि पंगतीच्या बाजूने बाहेर आणलं. मी पिशवी घेतली. ती अंदाजापेक्षा जड होती. मावशी फोन तसाच हातात धरून मागून येत होत्या. रस्ता ओलांडताना काका काहीतरी म्हणाले. मी कान जवळ नेला. “पाळी गेली व्हय?” एवढंच. मी नाही म्हणाले. खोटं बोलले.

सेंटरमध्ये सिस्टरने काकांच्या ओठांकडे बघितलं आणि ऑक्सिजनचा मास्क लावला. डॉक्टर आले, छाती तपासली, दुसऱ्या दोन दवाखान्यांना फोन लावले. एकीकडे जागा नव्हती, दुसरीकडे संध्याकाळी बघू म्हणाले. सहाही मशीन चालू. त्यातलं पहिलं सुटणार अडीचला, आणि काकांची वेळ बारा झाल्यावर त्यावर तिसऱ्या पाळीतल्या एका चाचांचा नंबर लागला होता. टेम्पो चालवायचे, आता मुलगा चालवतो. ते बोळात बाकावर बसले होते, हातात टोपी, आणि सगळं ऐकत होते.

सिस्टर त्यांच्याकडे वळली, पण तिने विचारलं नाही. असं विचारता येत नाही. डायलिसिसवरच्या माणसाला तुझी पाळी सोड म्हणणं काय असतं ते तिथं प्रत्येकाला माहीत आहे. दीड वाजला होता. घड्याळाचा काटा आणि काकांची धाप, दोन्ही ऐकू येत होतं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनात हिशोब करत होते की ही गोष्ट मी कुणाला कशी सांगणार. आम्मा असती तर तिला तर सांगूच शकले नसते.

चाचा उठले. दाराशी येऊन काकांकडे बघितलं.

“इनको लेव पैले,” ते म्हणाले. “मेरा दम अच्छा है आज. मै कल सुबू आतौं.”

“उद्या सहाला यावं लागेल चाचा, पहिल्या पाळीत,” सिस्टर म्हणाली. “आणि आज पाणी अजिबात प्यायचं नाही.”

“मालूम है,” चाचा म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले. मी मागं पळत जाऊन त्यांना काही म्हणायला हवं होतं. मी गेले नाही.

अडीच वाजता काका मशीनवर लागले. फोनवर सकाळपासून दिसत होतं ते अडीच शेवटी खरं ठरलं, पण दुसऱ्याच्या पाळीवर.

मावशी आणि मी बोळात बसलो. पहिला एक तास सिस्टर दर थोड्या वेळाने बाहेर येऊन आकडे सांगत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. चारच्या सुमारास ती आली आणि म्हणाली, “आता मास्क काढलाय. जेवायला मागतायत.” मावशींनी पदर तोंडाला लावला. मी लॅपटॉप उघडला. दोनदा पासवर्ड चुकला.

मग मी मावशींना सांगून टाकलं. सांगितलं नसतं तर तो दगड माझ्या छातीवर राहिला असता. म्हणाले, मावशी, तुम्ही प्रत्येक वेळी बटण दाबलं की हे यंत्र माझ्याकडे तक्रार करत होतं. मला त्याचा त्रास व्हायला लागला, म्हणून मी त्याचं तोंड बंद केलं. म्हणून तुमचं दाबणं कुणाला कळलंच नाही. आणि मशीन दुसऱ्याला द्या असं सिस्टरला मीच सांगितलं.

मला वाटलं, आता रडतील, किंवा मला बोलतील. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले, झाकण लावलं.

“मंग आता उगडा की त्याचं तोंड,” त्या म्हणाल्या.

इतकंच. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

काम अवघड नव्हतं, हीच तर शरमेची गोष्ट. त्या दोन ओळी आधी पुसल्या. राउटरची बाकी कुठलीही तक्रार आता अडवायची नाही, सगळी माझ्यापर्यंत येऊ दे. आणि ही जी त्याच पानावर परत जाण्याची तक्रार होती, ती मात्र वेगळी ओळखून तिचा अर्थच बदलला. माणूस त्याच पानाचं बटण पुन्हा दाबतो तेव्हा तो चुकत नसतो. त्याला दुसरं पान नको असतं. तो विचारतोय, अजून तेच आहे का? इतके दिवस मी ती चूक समजून हसत होते. आता बटण पुन्हा दाबलं की पान जागेवरच राहणार, पण आतून नव्याने विचारणा जाणार, आलेली वेळ दिसणार, आणि खाली लिहून येणार की हे आत्ता कधी विचारलं. शिवाय त्याची एक ओळ माझ्याकडे येणार, नंबर आणि वेळ. एरर म्हणून नव्हे. नुसती कुणीतरी विचारलं म्हणून.

सव्वापाचच्या सुमारास मी मावशींना म्हणाले, दाबून बघा.

त्यांनी अंगठा पदराला पुसला आणि दाबलं. ‘पाळी चालू आहे. आत्ता विचारलं: पाच वाजून चौदा मिनिटं.’ त्यांनी ते सावकाश वाचलं. थोडं थांबून परत दाबलं. पाच पंधरा. परत दाबलं. त्या हसल्या नाहीत, पण सहा-सात वेळा दाबत राहिल्या, आणि मी एकदाही बस झालं म्हणाले नाही.

साडेसहाला काका स्वतःच्या पायांनी बाहेर आले. केसांत अजून दोन तांदूळ होते.

त्या गुरुवारी मी मुद्दाम गेले. बोळाच्या दाराशी गोणीची पिशवी टेकवलेली होती. मावशी बाकावर, हातात फोन. मी पिशवीकडे बघतेय हे त्यांनी बघितलं.

“तुमचं चांगलंच हाय ताई,” त्या म्हणाल्या. “पन पिशवी आसू द्या.”

मी असू दिली. महिन्याभरात आणखी तीन पिशव्या आल्या, मग सगळ्याच. चाचांचीही, निळी, ताडपत्रीची. त्यांना मी शेवटी एकदा गाठलं आणि जे म्हणायचं होतं ते म्हणाले. ते म्हणाले, “छोड बेटी.” आता सिस्टर पिशव्याही बघते आणि टॅबही. माणूस हाकेला आला नाही तर ती मला फोन करते, आणि मी उत्तर देण्याआधी सगळ्या ओळी नीट वाचते.

त्या ओळी माझ्याकडे रोज येतात. आवाज बंद ठेवलाय, पण बघते. सोमवारी आणि गुरुवारी पहिली ओळ बहुतेक मंद्रूपची असते, साडेसहाच्या आसपास. एसटीत बसल्यावर मावशी पाळी विचारतात. वेळ आदल्या संध्याकाळीच ठरलेली असते, तरी विचारतात. माझा सकाळचा चहा त्याच सुमाराला होतो. ती ओळ दिसली की मला कळतं, काकांची रात्र निघाली, ते घरून निघाले.

मागच्या गुरुवारी ओळ आली नाही. सात वाजले. मी म्हटलं, नेट नसेल. साडेसात. चहा ओतून घेतलेला, तसाच राहिला. पावणेआठला वाटलं, मावशींना फोन करावा, पण विचारायचं काय? तुम्ही आज बटण का दाबलं नाही? आठला मी सिस्टरला फोन केला. ती म्हणाली, “पिशवी नाही आली अजून.” मग तिला आतून कुणी हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला. मी लॅपटॉपसमोर बसून राहिले. ऑफिसच्या मीटिंगला कुणी माझं नाव घेत होतं. इकडे मी ती यादी परत परत ताजी करत होते. त्याच पानावर होते, त्याच पानाचं बटण दाबत होते, आणि प्रत्येक वेळी तीच जुनी ओळ वर दिसत होती.

आठ बावीसला आली. मंद्रूपचा नंबर. पुढच्या मिनिटाला दुसरी. मागाहून सिस्टरचा मेसेज: एसटी पंक्चर होती, पिशवी टेकली.

मी चहा परत गरम करायला ठेवला. तो उकळेपर्यंत आणखी तीन ओळी आल्या होत्या.